हंबीरराव हौदा खणतो

सरपटणाऱ्या प्राण्यांतलं अख्ख्या शिवाजी पेठेत माझ्याएवढं कुणाला कळत न्हाय, असं मी छाती ठोकून सांगायचो. त्याच जोरावर एक गेको पाळला. गेको म्हणजे ठिपक्यांची विलायती पाल, शेपूट गाजराएवढी जाड. बघताक्षणी निकाल दिला, "नर हाय!" आणि नाव ठेवलं हंबीरराव.

हंबीरराव म्हणजे माझे सासरे. कोडोलीचे जुने पैलवान. आम्ही पळून लग्न केलं, तवापासनं त्यांनी आमचा उंबरा ओलांडला न्हवता. म्हटलं, नावाचा मान दिला की माणूस पाघळंल.

"आबांचं नाव पालीला?" बायको, संयोगिता, म्हणाली. "मी न्हाय हाक मारणार."

पण बातमी कोडोलीत पोचली आणि रविवारी सासरे खरंच दारात हजर! चहा बाजूला ठेवून थेट काचेच्या पेटीपुढं मांडी घालून बसले.

"पोट सुटलंय की ह्याचं."

"खुराक हाय, मामा. रोजचा."

तेवढ्यात हंबीरराव ओल्या मातीत घुसला आणि माती उकरून मागं फेकायला लागला. सासऱ्यांची मान ताठ झाली.

"कुस्तीचा हौदा खणतोय गडी! नाव लावलं आमचं."

मी मोबाइल काढून शेजारच्या तालमीच्या पोरांना लाइव्ह दाखवायला घेतलं. "बघा मंडळी, अस्सल पैलवान! मातीत उतरायच्या आधी..."

हंबीररावानं अंडं घातलं. मग दुसरं.

पलीकडच्या तालमीतनं हसण्याचा गदारोळ उठला. माझे कान तापले. सासऱ्यांकडं बघायची हिंमत होईना.

"जावई, नाव कुणाचं म्हणालासा?"

पेटीत ती अंड्यांवर हळूहळू माती ओढत होती. सासरे कितीतरी वेळ तेच बघत बसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "लेकीचं लगीन काय माझ्या दारात झालं न्हाय. हिचं पयलं बाळंतपण तरी माहेरात हुंदे."

आणि पेटी मांडीवर घेऊन कोडोलीला गेले. संयोगिता पदर डोळ्याला लावून दारात उभी राहिली.

आता रोज फोन येतो. अंड्यांना बल्बची ऊब दिलीय, भावकी बघून जाते. काल म्हणाले, "बारशाला या, जावई. जोडीनं." सासरचं पहिलं आमंत्रण!

पण हंबीरराव आमच्याकडं एकटाच होता. नर न्हाय तर अंड्यातनं पिल्लू कसलं निघतंय? एवढं मात्र मला खरंच कळतं. सांगायला तोंड न्हाय. बारशासाठी शर्ट तेवढा इस्त्री करून ठेवलाय.