लिमयेबाईंचे गुलाबी हातमोजे

लिमयेबाई दुसऱ्यांच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघतात. चोरून नाही, सकाळी सगळ्यांदेखत, गुलाबी हातमोजे घालून. जपानातल्या फुनाबोरीच्या आमच्या इमारतीत कुणी बाटली झाकणासकट टाकली, तर ती त्याच्या दारात परत येते. पाठोपाठ बाई. “माणूस खोटं बोलेल, पिशवी नाही बोलायची,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मोठ्या भूकंपानंतर आपली बरीच मंडळी मुंबईला निघून गेली. नवऱ्यामागे एकट्या उरलेल्या लिमयेबाई हलल्या नाहीत. म्हणे, मी गेले तर इथला कचरा कोण वेगळा करील?

मी आठवीत शाळा सोडलेली बाई, मुलाच्या नोकरीपायी नातू सांभाळायला इथे आले. जपानी पाटी दिसली तरी छातीत धडधडायचं. बाई दिसल्या की मी जिन्यातूनच मागे वळायचे.

एकदा त्या बाटलीशिवाय आल्या. दार लावून घेतलं. सून दुसऱ्या बाळंतपणाला पुण्यात आणि माझी पाळी जाऊन कैक वर्षं झालेली, हे त्यांना ठाऊक होतं.

“सुमनताई, मग पिशवीतले पॅड कुणाचे?”

मी म्हटलं, उष्णता झाली असेल, मुलाला कशाला घोर. त्यांनी माझ्या चपला पुढे सरकवल्या.

हॉस्पिटलात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. वर डॉक्टर म्हणाले, हा नेहमीचा दिसत नाही, विरळा आणि जास्त आडदांड प्रकार असावा. दुसऱ्या तज्ज्ञाकडून पेशी परत बघून घेऊ. मी म्हटलं, सापडलाय ना, मग काढून टाका की. लिमयेबाई मात्र डॉक्टरांवर खूश. मला मराठीत सांगता सांगता म्हणाल्या, “वर्गीकरण कळतं या माणसाला. चुकीच्या पिशवीत गेलं की दारात परत येतं.”

विरळाच निघाला. मग ऑपरेशन त्या हिशेबाने मोठं, पुढे केमो. वेळेत सापडलं, असं डॉक्टर दर खेपेला एकदा म्हणतात आणि बाई ते मला दोनदा सांगतात.

केस परत आल्यावर मीच कचरा टाकायला उतरू लागले. एकदा शेजारी लिमयेबाईंची पिशवी होती. दर रविवारी सेंदाईहून मुलगा येतो, त्याच्यासाठी पुऱ्या तळण्यात सकाळ जाते, असं त्या सगळ्यांना सांगतात. पिशवीत आठवडाभराचे दुकानातले जेवणाचे डबे होते, एकेका माणसाचे, लख्ख धुऊन एकात एक रचलेले.

रविवारी भरली वांगी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. म्हणाल्या, मुलगा आत्ताच गेला, आमची जेवणं झाली.

“लिमयेबाई,” मी म्हटलं, “माणूस खोटं बोलेल.”

त्यांनी आत जाऊन दोन ताटं मांडली.