निर्दोष तेजोमेघ

विश्व अनंत आहे, परंतु प्रदर्शनात मांडण्यापूर्वी त्यास कार्यकारी समितीची मंजुरी लागते. (ही अट विश्वाला अद्याप कळवलेली नाही.)

सुरतेच्या आमच्या मराठी मंडळात बँकवाले, मास्तर आणि सरकारी नोकर आहेत. म्हणजे आकाशाविषयी मत देण्यास सर्वथा पात्र माणसे. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कॉलेजात शिकणाऱ्या अनुजाने एका तेजोमेघाचा फोटो आणला. सर्वेक्षण दुर्बीण आवडनिवड न ठेवता अख्खे आकाश पट्ट्यापट्ट्याने टिपते आणि ते फोटो सर्वांना फुकट मिळतात. फुकट असूनही आमच्यापैकी कोणी ते पाहिले नव्हते, यावरूनच त्यांची लायकी कळावी. अनुजाने ते फोटो जोडले, डोळे फोडून तपासले आणि कडेला एक फिकट ठिपका शोधला: कुठेच नोंद नसलेला नवा, चिमुकला तेजोमेघ. तो आपल्या माणसांनी बघावा, एवढेच पोरीला हवे होते.

माणसांनी बघितला. अध्यक्ष विजयराव निवृत्तीनंतर पलसाण्याच्या एका साडी मिलमध्ये तयार माल तपासतात, त्यामुळे त्यांची नजर तयार आहे.

"अनुजाबेटा, माल सरस आहे," ते म्हणाले, "पण कोपऱ्यात डाग आहे."

"काका, तो डाग नाही. तोच तर शोध आहे."

"डाग दिसला की कापडाचं अख्खं थान सेकंडमध्ये, हलक्या मालात जातं बेटा. कोणी शोधला ते गिऱ्हाईक विचारत नाही."

शैलजाताई शाळेत विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, "आणि असा राखाडी का गं? जरा राणी कलर टाक ना."

मतदान झाले. डागाच्या विरोधात अख्खी समिती, बाजूने अनुजा (मताधिकार नाही). फोटो मिलच्या डिझायनरकडे गेला आणि राणी-मोरपंखी होऊन, काठाला बुट्टी लेवून परतला. जिथे तारे कमी पडले होते तिथे भरून घेतले. ठिपका अर्थातच गेला.

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी निमंत्रणपत्रिकेत वाचून विचारले, "तो नवा तेजोमेघ कुठाय?"

"होता साहेब," विजयराव विनयाने म्हणाले. "आम्ही काढला."

टाळ्या पडल्या. पहिले बक्षीस डिझायनरला आणि अनुजाला उत्तेजनार्थ, स्वच्छतेच्या सल्ल्यासह. ती मंडपामागे जाऊन रडली. (अहवालात आनंदाश्रू.)

तो फोटो हल्ली 'सुप्रभात' लिहून फिरतो आहे. तुम्हालाही आला होता. मुळात तिथे काय होते हे न विचारता तुम्ही त्याखाली हात जोडलेत आणि सगळ्या ग्रुपांवर पाठवलात. अशी पारखी नजर दुर्मीळ असते. समितीने पुढच्या वर्षीसाठी परीक्षक म्हणून तुमचेच नाव एकमताने मंजूर केले आहे.