गाभाऱ्याचं दार आणि रणजीतचं पोट

"यात्रेपर्यंत हे पोट गावाला दिसायचं नाही!" होळीच्या दिवशी चौथी पुरणपोळी दुधात बुडवत रणजीतनं जाहीर केलं.

"मग ती पोळी परत ठेवा," साधना, म्हणजे त्याची बायको, म्हणाली.

"बुडवलेली पोळी परत ठेवत्यात व्हय? उद्यापासून!"

उद्यापासून! या शब्दाचा केवढा आधार असतो, ते पोट असलेल्यांनाच कळेल. बरं, रणजीत काही अंगानं जाड नव्हता. हात बेताचे, पाय बेताचे, मान तर शाळेतल्या पोराची. फक्त मधला भाग कुणीतरी दुसऱ्याचा आणून बसवल्यासारखा! कंपनीत हजेरीच्या मशीनसमोर तो उभा राहिला, की त्याच्या बाजूनं पुढं सरकायला मागच्या माणसाला जागा उरत नसे.

पण प्रश्न कंपनीचा नव्हता. कंपनीचं गेट कंटेनरसाठी केलेलं असतं. प्रश्न होता भैरवनाथाच्या दाराचा.

रणजीतचं गाव चाकणच्या अलीकडे. चारी बाजूंनी कंपन्या, गोडाऊन, भाड्याच्या खोल्या आणि मधोमध नाथाचं जुनं दगडी देऊळ. त्या देवळाच्या गाभाऱ्याला एवढंसं दार. घडवणाऱ्यानं ते बहुतेक दुष्काळाच्या वर्षी घडवलं असावं, कारण त्यातून सुकलेलाच माणूस सरळ आत जाई. चैत्रातल्या यात्रेला सकाळी मानकऱ्यानं एकट्यानं आत जायचं, नाथाला नवा फेटा बांधायचा, बाहेर येऊन "चांगभलं" पुकारायचं. मगच गावाची पंगत वाढायची. तोवर कुणी घास घ्यायचा नाही.

हा फेट्याचा मान रणजीतच्या घराचा. त्याचे वडील, बबनराव, जाताना जमिनीचं बोलले नाहीत, घराचं बोलले नाहीत. "फेट्याचा मान सोडू नगं," एवढंच म्हणाले होते. तेव्हापासून रणजीत वर्षभर कसाही वागला, तरी त्या एका सकाळी त्याची छाती भरून येई. दुर्दैव असं, की छातीबरोबर पोटही भरून येई.

गेल्या वर्षी घात झाला! रणजीत दारात असा अडकला, की चुलतभाऊ ज्योतीरामनं मागून गुडघा लावून त्याला आत ढकललं आणि फेटा बांधून झाल्यावर दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. अंगानं ज्योतीराम म्हणजे उसाचं पाचट. त्यानं संध्याकाळी भरल्या सभामंडपात तोंड उघडलं.

"नाथाचा मान हाय. त्यो असा ढकलून-वढून करायचा व्हय? फुडल्या साली दादा कुणाचा हात न लागता आत गेला आन् भायेर आला, तर मान त्याचा. न्हाईतर आमच्या घरचा!"

गावानं माना डोलावल्या. म्हातारे दत्तोबा देवस्थानाचे प्रमुख. त्यांना मोतीबिंदूमुळे माणसं धूसर दिसत, पण शब्द मात्र पक्का लक्षात राही. त्यांनी काठी आपटली. ठरलं!

तर होळीनंतरच्या सकाळपासून रणजीतनं खरोखर सुरुवात केली. त्याला नावं ठेवायला जागा नाही. कॅन्टीनचे पोहे सोडले, वडे सोडले, चहातली साखर सोडली. सकाळी कोमट पाण्यात लिंबू. शिफ्ट सुटल्यावर सर्व्हिस रोडनं चालत घरी. मागून ट्रेलरवाले हॉर्न मारत आणि हा पोट आत घेऊन त्यांना वाट देई.

फरक पडला! गाल बसले, मान आणखी बारीक झाली, मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत घसरू लागलं. पोट मात्र जागच्या जागी! सगळीकडची चरबी निमूट निघून गेली. पोटावरची तेवढी जुन्या भाडेकरूसारखी खोली सोडायला तयार नव्हती.

आणि मग गावात कुजबुज सुरू झाली. "रणजीतला कायतरी झालंय."

आपल्याकडं आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही. आणि आणलेलं आजाऱ्यानं समोर खाल्ल्याशिवाय पाहुण्यानं उठायचीही पद्धत नाही. पहिली धडकली ती थेरगावची आत्या, आक्काबाई. डिंकाच्या लाडवांचा डबा तिनं मांडीवरच उघडला.

"आत्या, मला काय बी झालेलं न्हाई. मी पोट कमी करतोय!"

"पोट न्हवं बाबा, सूज हाय ती!" आक्काबाईनं डोळ्याला पदर लावला. "हातपाय वाळत्यात आन् पोट फुगतंय. माझ्या सासऱ्याचं अक्षी असंच झालं हुतं. खा! माझ्यासमोर खा!"

हे ऐकल्यावर रणजीतची आई, शालनबाई, थांबते होय? "माझ्या लेकराची हाडं वर आली गं!" म्हणत तिनं तुपाची बरणीच खाली काढली. मग काळेवाडीचे मेहुणे आले, देहूरोडचे साडू आले, शेजारपाजारचे आले. कुणी पेढे, कुणी खारीक-खोबरं, कुणी पायांचं सूप! "मी बरा आहे" असं रणजीत जितक्या जोरात सांगे, तितका लोकांना तो जास्त आजारी वाटे. नाही खाल्लं, तर आई रडे. शेवटी तो आईसाठी खाऊ लागला. मातृभक्तीला एवढं तूप लागतं, हे त्याला आधी ठाऊक नव्हतं.

यात्रा तोंडावर आली. साधना देवळात जाऊन गुपचूप दाराच्या रुंदीची दोरी मापून घेऊन आली. दोरीच्या दोन टोकांच्या मध्ये रणजीत आडवा उभा राहिला. पोट दोरीच्या अलीकडं आणि पाठ पलीकडं!

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"मग धरा."

"धरलाय!"

साधनानं दोरी गुंडाळली. रणजीत पायरीवर जाऊन बसला. त्याला वडील आठवले आणि खरंच रडू आलं. साधना जवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं दुःख पॅकिंगच्या धम्मरत्नाला सांगितलं. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलेले, डबाही एकत्र खाणारे. धम्मरत्नाचं काम म्हणजे तयार मालाच्या थप्प्यांवर पातळ पारदर्शक फिल्म ताणून गुंडाळणं. तो थोडा वेळ रणजीतच्या पोटाकडं पाहत राहिला. मित्राकडं मित्र बघतो तसं नाही, मालाकडं कारागीर बघतो तसं!

"भावा, किती का बेढब माल असेना, आपण फिल्म ताणून मारली की चौकोनी होतो. पोट कमी कशाला करायचं? पॅक करू!"

"व्हईल का रे?"

"एक्स्पोर्टला जातो आपला माल, एक्स्पोर्टला! भंगारात टाकायचा उरलेला रोल घेतो साहेबांना सांगून. सध्या या उरलेल्या रोलना काय मागणी आहे राव! परवाच तुमच्या गावाकडच्या कुणीतरी निरोप धाडून एक मागवून घेतला."

रणजीतनं त्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. बुडत्या माणसाला चौकशा सुचत नाहीत.

यात्रेच्या सकाळी धम्मरत्न रोल घेऊन घरी हजर! साधनानं एक टोक धरलं, धम्मरत्नानं रोल ताणला आणि रणजीत स्वतःभोवती गोल गोल फिरत राहिला. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण पोट गेलं! खरंच गेलं! थोडं वर छातीत, थोडं खाली कमरेत, पण मधून तो सपाट झाला. धम्मरत्नानं सवयीनं त्याच्या पाठीवर 'जपून हाताळा' असं स्टिकर मारलं आणि मग जीभ चावली. वेळ नव्हता. वरून सदरा चढवला, धोतर नेसवलं, निघाले.

देवळापुढं सगळा गाव. पत्रावळी मांडलेल्या, बुंदीच्या परातींवर फडकी, आमटीचा वास थेट कमानीपर्यंत! ज्योतीराम नवं धोतर नेसून दाराशीच उभा. मान आपल्या घरी येणार ही खात्री त्याच्या तोंडावर लिहिलेली. शालनबाई आली, तर त्यानं वाकून पायाही पडू नये! ताठ उभ्यानंच हात जोडले.

"मान मिळायच्या आदीच माज आलाय मेल्याला," शालनबाई पुटपुटली.

रणजीत पुढं झाला. चालताना अंगातून चर्र चर्र आवाज येत होता.

"दादा, आवाज कसला रं?"

"नवा सदरा हाय. कांजी हाय!"

दारापाशी तो आडवा झाला, नाथाचं नाव घेतलं आणि आत सरकला. सुळकन! दाराला साधं घासलंही नाही! गावानं एकच आरोळी ठोकली. ज्योतीरामचा चेहरा पडला. साधनानं डोळे पुसले. धम्मरत्नानं तर शेजारच्याला टाळी दिली.

आणि इथंच ही गोष्ट संपली असती, तर किती बरं झालं असतं!

आत चैत्रातला उकाडा, दोन समया आणि धुपाचा धूर. फिल्मच्या आत रणजीत इडलीसारखा उकडून निघाला. घामानं फिल्म सुटू लागली. तरी त्यानं मन लावून फेटा बांधला. शेवटचा तुरा खोचायला हात वर ताणले आणि...

फट्ट!

फिल्म वरपासून खालपर्यंत उकलली. इतका वेळ दाबून ठेवलेलं पोट सगळ्या लाडवांनिशी बाहेर आलं. रणजीतनं दाराकडं पाहिलं, मग पोटाकडं पाहिलं, मग नाथाकडं. नाथ नव्या फेट्यात छान दिसत होता. त्याला काही अडचण नव्हती.

रणजीतनं डोकं आधी घालून पाहिलं. पाय आधी घालून पाहिलं. जमेना! हाक मारावी, तर हात लागणार आणि मान जाणार. तो घाम पुसत बसून राहिला.

बाहेर गाव खोळंबला. पोरं पत्रावळी कुरतडू लागली.

"एवढा वेळ आत काय करतोय?"

"नाथाशी बोलतोय त्यो!" शालनबाई मान उंचावून म्हणाली. "माझ्या लेकाची भक्तीच तशी हाय!"

झालं! लोक सरसावले. एकानं दारात तोंड घातलं, "नाथा, माझ्या पोराला कंपनीत परमनंट कर रं बाबा!"

"व्हईल, व्हईल! आधी वारं तरी येऊ दे!" आतून रणजीत वैतागून ओरडला.

"नाथानं होकार दिला!" बाहेर कल्लोळ! रांगच लागली. कुणाला सून हवी होती, कुणाला बोअरला पाणी. रणजीत घुसमटून सगळ्यांना "व्हईल" म्हणत सुटला. एकानं विचारलं, "नाथा, चाकण चौकातलं ट्रॅफिक कधी सुटंल?" त्यावर आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

"ते नाथाच्याबी हातात न्हाई," दत्तोबा म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं.

साधनानं मात्र ओळखलं. नैवेद्य द्यायच्या निमित्तानं ती दारापाशी गेली.

"अहो, फाटली ना?"

"फाटली."

"समईचं तेल चोळा पोटाला. सदरा काढा आणि या!"

रणजीतनं तेल चोळलं. आधी डोकं बाहेर आलं, मग खांदे, मग छाती. लोकांनी गुलाल उधळला. आणि पोटाशी येऊन गाडी थांबली! निम्मा रणजीत गाभाऱ्यात, निम्मा सभामंडपात.

ज्योतीराम गोड हसत समोर येऊन उभा राहिला. "हात देऊ का, दादा?"

"न... नगं!"

"दमलास रं. नुसतं बोट लावतो."

त्याचा हात पुढं आला. रणजीतला वडिलांचा चेहरा दिसला. सगळं संपलं! तेवढ्यात साधना ओरडली. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती.

"अहो! पंगत वाढली! बुंदी तळाला गेली!"

बुंदी! गेला महिनाभर ज्या बुंदीची तो स्वप्नं बघत होता, ती तळाला? रणजीतच्या पोटात असा काही गोळा आला, की पोट होतं तिथून आत गेलं आणि तो दारातून सटकन निसटून थेट ज्योतीरामच्या अंगावर! दोघं गुलालात लोळले.

"चांगभलं!" रणजीत पडल्या पडल्या ओरडला.

"हात लागला! ज्योतीरामचा हात लागला!" कुणीतरी म्हणालं.

दत्तोबांनी काठी आपटली. "हात न्हाई लागला. पोट लागलं! आन् ते बी रणजीतचंच ज्योतीरामला लागलं. मान रणजीतचा!"

पण रणजीतच्या पायाला अडकून ती फिल्म मागोमाग बाहेर आली होती. लांबच लांब, पारदर्शक, सुरकुतलेली! ज्योतीरामनं ती उचलली. त्यावरचं 'जपून हाताळा' त्यानं वाचलं.

"काय हाय रं ते?" दत्तोबांनी डोळे बारीक केले. "कात हाय व्हय?"

ज्योतीराम वाकून उठू लागला आणि त्याच्या नव्या सदऱ्यातून आवाज आला. चर्र चर्र!

रणजीतनं ज्योतीरामकडं पाहिलं. ज्योतीरामनं रणजीतकडं पाहिलं. मग स्टिकरवर हळूच अंगठा ठेवत ज्योतीराम मोठ्यानं म्हणाला, "व्हय आबा, कातच हाय! नाथाच्या नागाची!"

तिथल्या निम्म्या गावानं उभा जन्म असली फिल्म गुंडाळण्यात घालवलेला. पण समोर बुंदी असताना कात तपासत कोण बसतो? शालनबाईनं तिला हळदकुंकू वाहिलं आणि पंगत बसली.

ज्योतीराम रणजीतच्या शेजारीच टेकला, ताठ, खांबासारखा. जरा वेळानं कानाशी आला.

"दादा, तुझा रोल कुठला? माझा सारखा वर सरकतोय. आता मानकरी हाच व्हनार म्हणून गावानं वर्षभर बोलावून बोलावून जेवाय घातलं रं. पार वाट लागली!"

रणजीतनं त्याच्या पोटाकडं पाहिलं. आत खोलवर, कित्येक दिवसांनी, त्याला शांत शांत वाटलं. वाढपी समोरून निघाला होता. रणजीतनं प्रेमानं ज्योतीरामच्या खांद्यावर हात टाकला आणि हाक मारली.

"अरे हिकडं ये! माझं ऱ्हाऊ दे. आमच्या भावाला वाढ. आणखी वाढ! आणि तूप घेऊन ये त्याच्यासाठी!"