जनूभाऊंचा डावा कान

जनूभाऊ राऊतांशी बोलायला गेलं की ते आधी तुमच्या खांद्यावर हात ठेवायचे. मग तो हात तुम्हाला हळूहळू जवळ ओढायचा, इतका की तुमचं तोंड त्यांच्या उजव्या कानाला जवळजवळ टेकायचं. मग ते डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायचे आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. संपलं की डोळे उघडून दोनच शब्द बोलायचे, "आलं ध्यानात."

बस. सल्ला नाही, आश्वासन नाही, 'माझंही तेव्हा असंच झालं होतं' नाही. आणि समोरचा माणूस डोळे पुसत घरी जायचा. वसईजवळच्या पापडीच्या बाजारात कुणालाही विचारा, ऐकून घ्यावं तर जनूभाऊंनी.

मीही त्या डोळे पुसणाऱ्यांतलाच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही लालबागची खोली सोडून पापडीजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. खिडकी उघडली की समोर जनूभाऊंची केळीची वाडी. बायको हरखून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वाडीतल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू झालं, मांडणीवरच्या ताटल्या थरथरू लागल्या आणि तिचं हरखणं तिथेच संपलं.

"जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली.

तोंडाने सांगणं हा माझा प्रांत नव्हे. ऑफिसात मी नोटिसा लिहायचो. कागदावर मी कुणालाही दम देऊ शकतो; समोरासमोर मात्र 'जरा सरकता का' एवढंही मला म्हणवत नाही. तरी गेलो. जनूभाऊंनी मला कानाशी घेतलं. मी इंजिनाचं सांगितलं, बायकोच्या डोकेदुखीचं सांगितलं, मुलाच्या परीक्षेचं सांगितलं, आणि मग का कोण जाणे, लहानपणी मी पाटी फोडून आळ भावावर घातला होता तेही सांगितलं. "आलं ध्यानात," जनूभाऊ म्हणाले. मी तरंगत घरी आलो.

दुसऱ्या पहाटे पाचला धडधड सुरू. पुन्हा गेलो. पुन्हा तरंगत आलो. असं दोनतीनदा झाल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही तक्रार करायला जाता की आरतीला?"

म्हणून एका संध्याकाळी मी कंबर कसून निघालो. राऊतांच्या ओटीवरचा दिवा सारखा उघडझाप करत होता आणि वहिनी, म्हणजे जनूभाऊंची बायको, बटणापाशी उभी होती. मी म्हटलं, वहिनी, वायर ढिली झालेली दिसते, आमच्याकडे एक चांगला वायरमन आहे.

"वायर नाही ओ भाऊजी," वहिनी म्हणाली. "जेवायला बोलावतेय त्यांना."

केळींच्या आडून जनूभाऊ पंच्याला हात पुसत येताना दिसले.

मग वहिनीने सगळं सांगितलं. जन्मभर त्या इंजिनाशेजारी उभं राहून डावा कान पार गेला होता. उजव्याने, अगदी जवळ तोंड नेलं तर, थोडंफार. हाका मारून वहिनीचा घसा बसायचा, म्हणून दिवा. "कुणाला सांगू नका हां. माणसं हसतात," ती म्हणाली. न सांगणं हे एकच काम मला येतं. मी कबूल केलं.

पुढच्याच वर्षी नगरपालिकेची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात तेव्हा एकच प्रश्न होता, पाण्याचा. बिल्डिंगींना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. टँकर यायचे, ते गावातल्या विहिरींतून पाणी उपसून. गाव म्हणत होतं टँकर बंद करा, विहिरी खाऱ्या होतायत. बिल्डिंगवाले म्हणत होते टँकर वाढवा. दोघेही वेगवेगळ्या दिवशी जनूभाऊंकडे गेले, दोघांनाही कानाशी घेतलं गेलं, दोघांनाही "आलं ध्यानात" मिळालं. दोघांचीही खात्री पटली की हा माणूस आपला. मग एका रविवारी दोन्ही बाजू एकाच ओटीवर जमल्या आणि एकमुखाने त्यांना उमेदवार ठरवून, हार घालून निघून गेल्या. हार कसला ते जनूभाऊंना वहिनीने नंतर सांगितलं.

ते आधी हसले. मग बराच वेळ हार हातात धरून बसले. "इतकी माणसं आपणहून आली आपल्याकडे," म्हणाले. नाही म्हणायचं त्यांच्याच्याने झालं नाही.

लिहिता येतं म्हणून मी प्रचारप्रमुख झालो. घोषणा माझीच: 'आपलं ऐकून घेणारा माणूस'. निशाणी कपबशी मिळाली. समोरचे उमेदवार दोन हातांत दोन मोबाइल घेऊन फिरायचे आणि तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायचे. एकजण त्यांना आई गेल्याचं सांगायला गेला. तो 'साहेब, आमची आई' एवढंच म्हणाला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "होऊन जाईल, तुमचं काम होऊन जाईल." ही गोष्ट मी घरोघर सांगितली. त्यापुढे आमचे जनूभाऊ संतच वाटायचे.

पण संत घडवायला मेहनत पडते. डोक्याचा पंचा मी काढायला लावला आणि अंगात कडक इस्त्रीचा झब्बा घातला. पहिल्या दिवशी त्यांचाच कुत्रा त्यांच्यावर भुंकला. लोकांकडे बघून हात हलवा म्हटलं, तर आयुष्यभर पापडी नाक्यावर एसटीला हात दाखवलेला माणूस, तो तसाच हात दाखवायचा. आमच्या प्रचारफेरीसाठी दोन बस आणि असंख्य रिक्षा थांबल्या. एक कंडक्टर तर "चढा लवकर" म्हणून खेकसला.

फोटोचंही तसंच. वसईतल्या स्टुडिओवाल्याने "हसा" म्हटलं की जनूभाऊ ऐकायला कान पुढे करायचे. अख्ख्या रोलमध्ये कान निघाले. शेवटी बाजारात एका म्हातारीचं ऐकत असतानाचा फोटो मी पोस्टरवर घेतला. डोळे मिटलेले, चेहरा शांत. आमच्या खालच्या मजल्यावरचे इनास अंकल म्हणाले, "परब, हा तर सेंट दिसते." बाजारात मात्र एकाने पोस्टरला हात जोडून मला विचारलं, "दहावं कधी आहे?"

आणि ऐन प्रचारात गोरेगावहून त्यांची मुलगी कानाचं मशीन घेऊन आली. तेव्हाचं ते मशीन म्हणजे खिशात ठेवायची काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. जनूभाऊंनी ते ओटीवर बसून लावलं. मग वहिनीकडे बघून म्हणाले, "तुझी काकणं वाजतात की गं."

वहिनी आत निघून गेली.

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज पक्कं ठाऊक आहे. मी म्हणालो, "मतदान होईपर्यंत हे काढून ठेवा."

कारण माझ्या डोळ्यांसमोर पोस्टर होतं. आपलं ऐकून घेणारा माणूस, आणि कानातून वायर लोंबकळतेय! लोक पहिला प्रश्न विचारतील, मग आजवर काय ऐकलंत? जनूभाऊंना मी कानाशी तोंड नेऊन हे समजावलं.

"सांगूनच टाकूया का रे लोकांना?" ते म्हणाले. "फसवल्यासारखं वाटतं."

"आपण कुठे काय खोटं बोललो? लोकांना दिसता कामा नये, एवढंच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आलं ध्यानात." वायर नीट गुंडाळली आणि मशीन स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं. संध्याकाळी ओटीवरचा दिवा पुन्हा उघडझाप करू लागला.

मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून माणसं घराबाहेर काढत होतो. म्हाताऱ्यांना रिक्षात बसवलं, रुसलेल्यांना समजावलं. दुपारी माझी पाळी आली. हातात शिक्का, समोर मतपत्रिका, कपबशी सरळ समोर. आणि मला आठवलं की बायको सकाळी चार जिने पाण्याच्या बादल्या चढवून आली होती. समोरच्या उमेदवाराने रोज टँकर द्यायचा शब्द दिला होता. शिवाय, ज्याला ऐकूच येत नाही तो माणूस सभागृहात बसून काय करणार, हे सगळ्या वॉर्डात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाकीच्यांना मी पोस्टर दाखवलं होतं. मी स्वतः ते तयार केलं होतं.

मी दुसऱ्या निशाणीवर शिक्का मारला.

बाहेर चुन्याच्या रेघेपलीकडे जनूभाऊ माझी वाट बघत उभे होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परबा, दमलास तू."

ते निवडून आले, चांगले दणदणीत. मिरवणुकीत मला गुलाल लागला, हातात आलेला पेढा मी गुपचूप खिशात टाकला. लोक माझी पाठ थोपटत होते आणि मी कुठे तोंड लपवावं ते शोधत होतो. इनास अंकल चर्चमध्ये कन्फेशनला जायचे आणि हलके होऊन यायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा, पण फादरना ऐकू येतं, ही त्या पद्धतीतली मोठीच अडचण होती.

मग मला सुचलं. पुढच्या रविवारी दुपारी मी वाडीत गेलो. इंजिन बंद होतं. जनूभाऊ घडाने वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू बांधत होते. मी काढायला लावलेला पंचा पुन्हा डोक्याला, कानांवरून घट्ट गुंडाळलेला. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. मत तुम्हाला दिलं नाही. पाण्यापायी दिलं नाही. तुमच्या कानापायी दिलं नाही. ते गाठ मारत राहिले. एकदा फक्त सुंभाचं टोक माझ्या हातात धरायला दिलं. 'आलं ध्यानात' म्हणाले नाहीत, म्हणजे ऐकू आलेलं नाही. मी पिसासारखा हलका होऊन घरी आलो.

त्याच आठवड्यात जनूभाऊंनी दोन कामं केली. गावाच्या विहिरींवरचे टँकर बंद व्हावेत म्हणून नगरपालिकेत हट्ट धरला. आणि स्वतःच्या विहिरीतून आमच्या बिल्डिंगच्या टाकीपर्यंत पाइप टाकला. आता इंजिन पहाटे पाचच्याही आधी सुरू व्हायचं. ताटल्या थरथरायच्या आणि माझी बायको झोपेत हसायची. गाव मात्र बिथरलं. "मतं आमची आन् पानी फ्लॅटवाल्यांना?" म्हणून खाडीकडचे लोक त्यांच्या ओटीवर येऊन भांडून गेले. त्या उन्हाळ्यात पाणी कमी पडून वाडीतले घड जेमतेम हाताच्या पंजाएवढे धरले. पुढच्या निवडणुकीला त्यांच्या ओटीवर कुणी हार घेऊन आलं नाही.

माझे रविवार चालूच राहिले. सवयच लागली. डाव्या बाजूला बसायचं आणि बोलायचं. बायकोशी अबोला धरला होता तेव्हा ते सांगितलं. संध्याकाळी वहिनी केळफुलाची भाजी घेऊन आमच्याकडे आली आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलेपर्यंत उठलीच नाही. मुलगा नापास झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जनूभाऊ त्याला विहिरीत पोहायला शिकवायला घेऊन गेले. योगायोग. सोयीचा असला की योगायोगावर माणसाचा पटकन विश्वास बसतो. ओटीवरच्या दिव्याची उघडझाप कधी थांबली, तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नगरसेवकपद जाऊन बराच काळ लोटल्यावरची एक दुपार. उकाडा मी म्हणत होता. बांधावर बसल्या बसल्या जनूभाऊंनी घाम पुसायला डोक्याचा पंचा सोडला, आणि त्यांच्या उजव्या कानातून निघून बंडीच्या खिशात गेलेली वायर मला दिसली.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मी तिला बाजूला नेऊन विचारलं, हे कधीपासून?

"निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात ना भाऊजी, लोकांना दिसता कामा नये. दिसलं कुणाला?"

मी परत येऊन माझ्या जागेवर, डाव्या बाजूला बसलो. त्यांनी पंचा पुन्हा गुंडाळला होता आणि एका नव्या केळीला टेकू लावायला घेतला होता. ते सगळे रविवार एकदम अंगावर आले. पहिला तर सगळ्यात आधी. उठून पळून जावंसं वाटलं, तरी बसून राहिलो. मी नेहमीसारखं, खाली बघत, जेमतेम ओठ हलवून पुटपुटलो,

"जनूभाऊ, सगळं ऐकलंत?"

"छे," जनूभाऊ सुंभ ओढत म्हणाले. "तू आलास की बंद करून ठेवायचो. उगाच सेल कशाला जाळा?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे न बघता केळीच्या घडाकडे बघत होते. माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं होतं.

त्यांनी सुंभाचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते घट्ट धरलं.

"आलं ध्यानात," मी म्हणालो.