राजदूतबाईंच्या चषकाखाली

राजदूतबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आदर कमी म्हणून नव्हे, फार म्हणून! हेलसिंकीतल्या चिनी वकिलातीत मी जन्मभर दुभाष्या होतो. किती राजदूत आले नि गेले! शिष्टाचारात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी म्हणत असतो. अर्थात घरातल्या घरात.

राजदूत ताओबाई आता कायमच्या मायदेशी चालल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'शुक्रवारी निरोपाच्या जेवणाला या, जुन्या राजदूतांविषयी बोला. त्यांना पाहिलेले तुम्हीच उरलात.' पण चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते! उत्तर राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी बाई स्वतःच दारात!

"अहो, खांबासारखे उभे काय? बसवा त्यांना!" माझी बायको रुइफेन म्हणाली, आणि तिने ज्वारीची कडक दारू ओतली.

आम्हा चिनी माणसांत चषक भिडवताना आपला समोरच्याच्या चषकाखाली धरायचा, तोच त्याचा मान. मी बोटभर खाली नेला. बाईंनी त्याहून खाली! माझ्यापुढे अख्खा देश वाकतोय असं वाटून मला घाम फुटला. मी टेबलाच्या काठाशी नेला, बाईंनी काठाखाली.

"बाई, नको!"

"ग्वानजी, तुम्ही वडीलधारे!"

"तुम्ही राजदूत!"

मी गुडघ्यांवर आलो, त्याही आल्या. चषक फरशीला टेकले आणि टेबलाखाली दोन कपाळं नारळासारखी आपटली!

"आता तळघर खणू का?" रुइफेनने विचारलं.

माझे गुडघे आखडले ते सुटेनात. बाईंनी तिथेच मांडी घातली. "सांगा, आधीचे राजदूत कसे होते?"

टेबलाखाली कोण बघतंय! मी बोलत सुटलो. आजारी स्वयंपाक्यासाठी सुपाचं भांडं घेऊन गोठलेल्या समुद्रावरून चालत गेलेले शेनसाहेब. हिवाळाभर फिनिश घोकून भाषणात फक्त 'धन्यवाद' बरोबर म्हणालेले झुआंगसाहेब. त्या एका शब्दाला सभागृह उभं राहिलं होतं! देश पाठीवर घेऊन चालायची ही माणसं, नि पाऊल मात्र मांजराचं.

बाईंचे डोळे भरले. "उद्या हेच बोला. याल ना?"

एवढ्या मोठ्या व्यक्तीला नुसतं तोंडी कसं सांगायचं?

"लेखी कळवतो," मी म्हणालो.

बाई दाराशी बूट चढवू लागल्या. मी कसाबसा उठलो, 'येतो' लिहिलं, तिकीट चिकटवलं, बाईंना वाकून नमस्कार करत त्यांच्या शेजारून जिना उतरलो.

"अहो, ते 'येतो' इथंच सांगा की त्यांना!" रुइफेन खिडकीतून ओरडली. "जेवण उद्या आहे, टपाल सोमवारी पोचेल!"

तोवर पाकीट कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीत पडलं होतं.