दुरुस्तीरावांचा बिनकचऱ्याचा महिना

छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या त्या गृहस्थांना घरीदारी सगळे 'दुरुस्तीराव' म्हणत. जगाच्या चुका काढायची सवयच तशी! सोसायटीच्या बैठकीत त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, "पुढचा अख्खा महिना आमच्या घरातून चिमूटभर कचरा बाहेर जाणार नाही!"

"हे आम्हाला कधी सांगणार होतात?" बायकोने जिन्यातच विचारलं.

पहिला आठवडा झकास गेला. भाजीची देठं बाल्कनीतल्या कुंड्यांत जिरली. दुसऱ्या आठवड्यात दुधाच्या धुतलेल्या पिशव्या दोरीवर लटकू लागल्या, जणू घरात नुकतंच बाळंतपण झालंय! पण चकचकीत पाकिटं, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, फुटका बल्ब, किल्लीचं बंद घड्याळ... यांचं ना खत होईना, ना भंगारवाला यांना हात लावीना. पलंगाखालची जागा संपून पसारा पलंगावर चढला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी झोपू कुठे? की माझंही खत करताय?"

तिसऱ्या सोमवारी दुरुस्तीरावांनी सगळं एका काळ्या पिशवीत कोंबलं आणि गुपचूप कामावर नेलं. छापखान्याच्या जिन्याखाली मोठा डबा होता. तिथे शेजारी थोडेच बघायला येणार! डबा नेमका काठोकाठ भरलेला. पिशवी बाजूला टेकवून ते साळसूदपणे खुर्चीत जाऊन बसले.

दहा मिनिटांत पहारेकरी बोंबलत आला. "बेवारस पिशवी! आतून टिकटिक येतेय! पळा!"

यंत्रं थांबली. साठ माणसं रस्त्यावर! मॅनेजर पोलिसांना फोन लावू लागले. दुरुस्तीरावांची पंचाईत झाली. बोलावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर पोलीस येतात!

"साहेब... पिशवी माझी आहे. धक्क्याने घड्याळ सुरू झालं असावं."

"मग घरी का नाही टाकलीत?"

"घरी... मी कचरा करत नाही."

रस्ताभर हशा पिकला. हसल्या नाहीत त्या फक्त झाडलोटवाल्या मावशी. त्यांनी दुरुस्तीरावांना आत नेलं, पिशवीची गाठ सोडली आणि बल्बच्या काचा अलगद बाजूला काढल्या.

"या अशाच सुट्या टाकल्या होत्यात?" त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटांवर टाक्यांचे व्रण होते. "मी सगळा डबा हातानेच निवडते, साहेब."

इतके दिवस दुरुस्तीरावांनी कचऱ्याचा एवढा विचार केला, पण तो उचलणारा हात काही डोळ्यांपुढे आला नव्हता. जगाच्या चुका काढता काढता ही नजरेतून सुटलीच कशी?

"थांबा मावशी!" ते धावतच वर गेले, कागदाचे चार मोठे ताव घेऊन आले आणि जमिनीवर मांडी ठोकून एकेक काच स्वतः गुंडाळू लागले. वर ठळक अक्षरांत 'काच' असं लिहिलं आणि पुडकं मोठ्या समाधानाने मावशींपुढे धरलं.

मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"छान केलंत हो," त्या म्हणाल्या. "पण चार ताव! आणि तेही कोरे?"