नानांची संघटना

नानांनी सख्ख्या मेव्हण्याला तीनदा नापास केलं. शाळेत नव्हे, फोटोग्राफरांच्या संघटनेत.

वडूजला माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला लागून नानांचा स्टुडिओ होता. नव्वदच्या सुमाराला त्यांनी तालुक्यातल्या फोटोग्राफरांची संघटना काढली आणि स्वतःच अध्यक्ष झाले. फोटोग्राफरला पहिल्या पंगतीला जेवू घालावं, म्हणून एका लग्नात ते ऐन अक्षतांच्या वेळी कॅमेरा बंद करून मांडवाबाहेर जाऊन बसले. वरबापानं हात जोडले, तेव्हा उठले. इथवर सगळे खूश. पण सभासद व्हायचं तर नानांनी परीक्षा ठेवली.

"बटन माकडबी दाबतंय," ते म्हणायचे. "संघटना माकडांची न्हाई!"

परीक्षा भर दुपारी. पांढरा फेटा बांधलेल्या सावळ्या माणसाचा फोटो काढायचा. फेट्याच्या घड्याही दिसल्या पाहिजेत आणि डोळेही. हा माणूस म्हणजे माझे वडील. उन्हात बसून ते कावायचे, "आवं नाना, एखाद्याला पास करा की! मला घेरी याय लागली."

कसेबसे दोघं पास झाले.

मेव्हणा विलास म्हणजे नानांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, पाठचा भाऊ. चौकापलीकडे त्याचा स्टुडिओ. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर तो भडकला. "दाजी, लोकांना नवरीचं दागिनं दिसल्याशी मतलब. तुमची परीक्षा घाला चुलीत!"

त्यानं बिनपरीक्षेची नवी संघटना काढली. सगळे तिकडे गेले, ते पास झालेले दोघंसुद्धा. काकूंनी नानांशी बोलणं टाकलं. नाना मात्र एकटेच बैठक भरवत राहिले. सोबत म्हणून मी जायचो, तर म्हणायचे, "तू सभासद न्हाईस. भायेर बस."

मग एका लग्नसराईत विलास काम उरकून मोटरसायकलवरून परतताना ट्रकखाली सापडला.

तेरावं झालं न झालं, तोच नव्या संघटनेची माणसं त्यानं घेतलेली लग्नं वाटून घ्यायला त्याच्या घरी आली. नाना ओसरीवरच होते.

"एकबी लगीन कुणी घ्यायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

ती सगळी लग्नं नानांनी केली, स्वतःचा स्टुडिओ बंद ठेवून. फोटोंच्या पाठीवर शिक्का विलासच्या स्टुडिओचा. पण फोटो बघून मी चरकलो. नवरीचं तोंड पांढरंफटक, दागिने तेवढे झगझगीत.

"नाना, हे असं कसं झालं?"

"त्याच्या गिऱ्हाइकाला त्याच्यासारखंच लागतंय, गड्या."

लग्नसराई संपली. एका दुपारी विलासचा स्टुडिओ उघडा दिसला. आत फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर नाना एकटेच बसले होते.

"नाना, घरी चला. काकू जेवायच्या थांबल्यात."

ते उठले नाहीत. रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू हो म्होरं. कुणी इचारत आलं, तर विलास न्हाई म्हणून सांगाय घरचं माणूस नगं व्हय?"